रोमचा हुतूतू

गुरुजी, लिहायला फार उशीर झाला, राग मानू नका. तुम्ही गेलात तेव्हा मी पिठाच्या गिरणीवर होतो. निरोप आला तोवर सगळं आटोपलं होतं, आणि मग आता कुणाला लिहायचं म्हणून राहिलं ते राहिलंच. आज सत्तरी ओलांडून मी हॉलंडमध्ये, आर्नहेम नावाच्या गावी मुलाच्या घरी बसलोय. एक गोष्ट विचारायची आहे, आणि शुक्रवारच्या आत विचारायची आहे.

मुलगा इथे कॉम्प्युटरचं काम करतो, बारा वर्षं झाली. आता तो इथला नागरिक व्हायला अर्ज करतोय. तो मंजूर झाला की आपला भारताचा पासपोर्ट परत द्यावा लागतो. अर्जासोबत त्याचा जन्मदाखला लागतो, नगरपालिकेचा, वर सरकारी शिक्का मारलेला. जुन्या दाखल्यावर त्याचं नावच नव्हतं, नुसतं ‘पुरुष’ लिहिलेलं. आपल्याकडे बारशाच्या आधीच नोंद होते आणि पुढे नाव चढवायला कुणी जात नाही, तसा मीही गेलो नव्हतो. या वर्षी पाच खेपा घालून ते चढवलं, मुंबईला जाऊन शिक्का आणला. तो दाखला माझ्या बॅगेत स्वेटरच्या घडीत आहे. मुलाला मात्र मी सांगितलंय की अजून मिळाला नाही. दिवसातून तीनदा दार लोटून मी बॅग उघडतो आणि तो जागेवर आहे ना बघतो. का बघतो, ते माझं मलाच कळत नाही.

सातवीत तुम्ही रोम शिकवत होतात. फळ्यावर खडूने टेकड्या काढल्या आहेत, खाली नदी, नदीकाठी कुडाच्या झोपड्या. मेंढपाळांची वस्ती, तुम्ही सांगताय, त्यात इकडून तिकडून पळून आलेले, कुणाला नको असलेले. मुलं जांभया द्यायला लागल्यावर तुम्ही आम्हाला मैदानात नेलंत आणि हुतूतू मांडलात. एक बाजू रोम, दुसरी शेजारची गावं. नियम तुमचाच. जो बाद होईल त्यानं बाहेर बसायचं नाही, रोमच्या अंगणात जाऊन उभं राहायचं. शेवटी गावांच्या बाजूला मी एकटा उरलो. समोर सगळा वर्ग, मघाशी माझ्या बाजूला असलेलेसुद्धा. माझ्या बाकावरचा सोबती ओरडला, “ये की रे, काय पुरून ठेवलंय तुझं तिथं?” मला रडू फुटलं. तुम्ही माझा कान धरलात. “गधड्या, हरलेल्याला कुणी घरात घेतंय आणि तू रडतोस? जा, जागा आहे तिकडे.” मग सगळ्यांना खाली बसवून म्हणालात, बाकीचे राजे गाव जिंकत आणि लुटून मोकळे होत. रोमनं जिंकल्यावर सांगितलं, खंडणी नको, तुमची माणसं द्या, आमच्या बरोबरीनं लढा, हळूहळू आमचेच व्हा. त्या माणसांवर झोपड्यांचं गाव एवढं मोठं झालं.

त्याच महिन्यात वडील गेले आणि माझी शाळा सुटली. रोम वाढलं, एवढंच मला ठाऊक. त्याचं पुढे काय झालं ते मी कधी कुणाला विचारलं नाही. पण तेवढा धडा जपून ठेवला. मुलाला इथलं बोलावणं आलं तेव्हा त्याची आई गेलेली होती आणि तो मला एकटं टाकायला तयार नव्हता. मी तुमचा हुतूतू सांगितला. म्हणालो, घेतायत ना ते आपलं म्हणून, मग जा, जागा आहे तिकडे. अगदी तुमच्या आवाजात म्हणालो, गुरुजी. तो गेला.

नात दहा वर्षांची आहे. मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत देते. परवा शाळेतून येऊन तिनं नकाशा दाखवला. रोमन लोक इथवर आले होते आणि या ऱ्हाईन नदीशीच थांबले. आमचं घर नदीच्या पलीकडच्या अंगाला. मी विचारलं, का गं थांबले? ती खांदे उडवून म्हणाली, “नो आयडिया, आजोबा.” मुलगा हसून म्हणाला, “म्हणजे बाबा, आपण बाहेरचेच की.” मी म्हटलं, तू कुठला बाहेरचा, तुझा अर्ज तयार आहे. मग तो समजावत राहिला, “परदेशी झालेल्यांना भारताचं कार्ड मिळतं बाबा, कधीही येता येईल.” येता येईल म्हणतो. येईन म्हणत नाही. माझा व्हिसा तीन महिन्यांचा, त्यातले चोवीस दिवस उरलेत. मग मी आणि आपल्याकडचा बंद खिडक्यांचा फ्लॅट.

शुक्रवारी कागद द्यायला त्याला इथल्या नगरपालिकेत जायचंय. काल जेवताना तो म्हणाला, “दाखला नसेल मिळत तर दुसरा मार्ग काढू, तुम्ही धावपळ केलीत तेवढी पुरे. बीपी वाढवून घेऊ नका.” आणि माझ्या ताटात पोळी वाढली.

तर विचारायचंय ते हे. ज्या गावांनी आपली माणसं रोमला दिली, त्या गावांचं काय झालं? तिथं मागे कोण राहिलं, त्यांना कुणी भेटायला येत होतं का? तुम्ही हे शिकवलं असणार, माझाच वर्ग चुकला. की पुस्तकात ते नव्हतंच?

हे पत्र टपालात पडणार नाही, पत्ता तरी कुठला घालू. आणि खरं सांगायचं तर शुक्रवारी सकाळी मी दाखला काढून देईन, न देण्याची हिंमत माझ्यात नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून दिला, एवढं स्वतःला म्हणता यावं, म्हणून हा खटाटोप. दोन ओळी पुरेत, गुरुजी. लवकर कळवा.