आठ दिवसांचा चष्मा

कडा, १२ ऑगस्ट १९९६

ती. अण्णांस,
धाकटी बहीण बसम्माचा शरणु शरणार्थ, वि. वि.

पत्र मी सांगतेय आणि सूनबाई शिवानी लिहितेय, म्हणून अक्षर चांगलं दिसेल. मागच्या सोमवारी नगरला माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, आत भिंग बसवलं. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाकायचं नाही, दिवसातून सहा वेळा थेंब, आणि पूजेला बसले तरी विभूती डोळ्याजवळ न्यायची नाही. शिवानी फौजदारासारखी समोर बसते, त्यामुळे सगळं पाळतेय.

डॉक्टरांनी एक नवीनच सांगितलं. माझं बुबुळ गोटीसारखं गोल नाही म्हणे, लिंबासारखं आहे. त्यामुळे उभ्या रेघा दिसतात आणि आडव्या एकमेकींत मिसळतात. आधी यंत्रावर गोलाई मोजून त्यांनी छेद मुद्दाम वरच्या बाजूला घेतला, म्हणजे तिथला ताण सैल पडेल. सध्या टाके घट्ट आहेत. सहा-सात आठवड्यांनी पुन्हा मोजून घट्ट टाका कापतील, तेव्हा खरं कळेल.

हा दोष लहानपणापासूनचा असणार, चष्मा कधी नव्हता का, असं त्यांनी विचारलं. होता, लग्नाआधी आठ दिवस होता, पण मीच करंटीनं हरवला, असं मी सांगितलं. डॉक्टर हसले. मला भरून आलं, पण रडायला मनाई आहे.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
बसम्मा


माजलगाव, २० ऑगस्ट १९९६

चि. सौ. बसम्मास,
मन्मथचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पावलं, जीव भांड्यात पडला. आमचा रवि म्हणतो, दुकानाशेजारी एस.टी.डी. बूथ झालाय, फोन करा. पण फोनवर बरी आहेस का एवढं विचारलं की माझे शब्द संपतात, आणि मागचा माणूस घड्याळ दाखवतो. पत्रच बरं.

नगरच्या डॉक्टरांना आमच्याकडून एक विनंती कर. यंदाच्या भाऊबीजेला तरी माझ्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे तीन दिसू देत. दर वर्षी तू भिंतीला चुना फासल्यासारखा एकच पट्टा ओढतेस, आणि मला दुकान उघडण्याआधी आरशात बघून तो नीट करावा लागतो. खण विकणाऱ्याचं कपाळ बिनकाठाचं म्हणून गिऱ्हाईक हसतं.

चष्म्याचं काय घेऊन बसलीस? जुनं उगाळू नये. टाका कापायला मात्र वेळेवर जा.

पाव्हण्यांना नमस्कार. खुशाली कळवत राहा.

तुझा,
अण्णा


कडा, १ ऑक्टोबर १९९६

ती. अण्णांस,
बसम्माचा शरणु शरणार्थ, वि. वि.

गेल्या आठवड्यात टाके कापले. थेंबांनी डोळा बधिर केला होता, केस उपटल्याएवढंसुद्धा कळलं नाही. दोन-तीन दिवस डोळा खुपत होता. चौथ्या दिवशी सकाळी हे पूजेवरून उठून आले आणि मी बघतच राहिले. कपाळावर तीन रेघा होत्या, आणि मधे कातडी दिसत होती. लांबून मला कायम एक पांढरा पट्टाच दिसायचा. तीन बोटं लावायची ही नुसती रीत, असं मी धरून चालले होते. मी जवळ जाऊन बोट फिरवून बघितलं, तर काहून अशी बघतेस, लई दिवसांनी ओळख पटली का, असं ह्यांनी विचारलं.

मग दिवसभर मी आडव्या रेघा बघत फिरले. कौलांच्या ओळी, लुगड्याचे काठ, शिवानीच्या वहीतल्या रेघा. सासूबाई शेवटपर्यंत मला गबाळी म्हणायच्या. माझ्या रांगोळीच्या रेघा एकमेकींवर चढायच्या, आणि मलाही वाटायचं की आपल्या हातालाच वळण नाही.

तुम्ही उगाळू नको म्हणता, पण राहवत नाही. वडिलांनी औरंगाबादहून आणलेला चष्मा मी जपला असता तर हे सगळं पंधराव्या वर्षीच दिसलं असतं. गोठ्यातला कडबासुद्धा मी उपसून बघितला होता. आईनं दोन दिवस अबोला धरला. शेवटच्या दुखण्यातही तिनं माझा हात धरून हेच सांगितलं की, बसम्मा, वस्तू जपत जा.

तब्येत सांभाळा. आठवण ठेवा.

तुमची,
बसम्मा


माजलगाव, ११ ऑक्टोबर १९९६

चि. बसम्मास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून दुकानात लक्ष नाही. चार कागद फाडले, हा पाचवा.

चष्मा तू हरवला नाहीस. मी लपवला.

कड्याची मंडळी तुला बघायला येणार होती. चष्म्याची मुलगी म्हटली की दोष निघतो आणि स्थळ फिरतं, असं मी बाजारात ऐकलं होतं. मी अठरा वर्षांचा, स्वतःला फार शहाणा समजत होतो. आदल्या दिवशी तुझ्या उशाचा चष्मा उचलला आणि दुकानात खणांच्या गठ्ठ्यामागे ठेवला. एका दिवसापुरताच ठेवला होता, शपथेवर सांगतो. पण मंडळींनी बैठकीतच पसंती दिली, वर मुलीत नाव ठेवायला जागा नाही म्हणाली. मग काढू कसा? तू कडबा उपसत होतीस तेव्हा मी ओसरीवर होतो. आई तुला बोलत होती तेही ऐकत होतो. लग्नानंतर पाठवावा तर फसवलं म्हणून तुलाच बोल लागला असता. आज, उद्या करता करता त्रेचाळीस वर्षं गेली.

चष्मा अजून माझ्या कपाटात आहे. एक काडी मोडली आहे. दर भाऊबीजेला तू तो एकच पट्टा ओढायचीस, आणि कारण ठाऊक असून मी हसायचो. लपवण्यापेक्षा ते हसणं मला आता जास्त लागतं. मोठा भाऊ म्हणून तुझ्यापुढे उभं राहायला तोंड नाही. तरी क्षमा मागतो.

दोन ओळी तरी पाठव.

तुझा अपराधी,
मन्मथ


कडा, २९ ऑक्टोबर १९९६

ती. अण्णांस,
बसम्माचा शरणु शरणार्थ.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. शिवानीला दाखवलेलं नाही. अक्षरांवरची रेघ सरळ आली आहे का बघा.

मला फार राग आला. आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. स्थळ मोडलं असतं तर हे घर, ही माणसं मिळाली नसती, त्यामुळे धड रागावताही येत नाही. पण चष्म्याच्या त्या आठ दिवसांत मी रोज वडिलांचं वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होते. पुढे कुणी वाचायला काही दिलं की मी चुलीचं निमित्त काढून उठायची.

डावा डोळा डिसेंबरात करायचा आहे.

भाऊबीजेला या. तीन रेघा तीन दिसतील अशा ओढीन, आरसा लागणार नाही. येताना चष्मा आणा. तो आता माझ्या डोळ्याला उपयोगाचा नाही. आईच्या फोटोसमोर ठेवायचा आहे. बसम्मानं हरवला नव्हता, हे तिला तुमच्या तोंडानं सांगा. मी सांगितलं तर तिला खरं वाटायचं नाही.

या, वाट बघते.

तुमचीच,
बसम्मा