सव्वा महिन्यातले पक्षी

१४ मार्च २००७
लेक मनू बाळंत होऊन आज अकरावा दिवस. इंग्लंडात सहा महिने मुक्काम. पुण्यात बिबवेवाडीतल्या बायकांचे ब्लाउज आता मी परतल्यावरच शिवायचे.
सकाळी एकटीच घराजवळच्या तळ्यापर्यंत गेले. गवतात एक काळा-पांढरा, लांब शेपटीचा पक्षी सोसायटीच्या चेअरमनसारखा फिरत होता. जवळून पाहिला तर शेपटीत निळं-हिरवं, अगदी धूपछाव रेशीम! जावई म्हणाले, "आई, मॅगपाय तो. इथला कावळाच समजा, सगळीकडे असतो."
असू दे. मी कुठे सगळीकडे असते?

१७ मार्च
पिवळ्या चोचीचा काळा पक्षी छपरावर गात होता. पाय निघेना. नाक गळतंय, पण काय मजा आली!
मनूला सगळं सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड केलं. डिंकाचा लाडू तसाच. बाळाला पाजताना रडते. विचारलं तर, "काही नाही गं."

२० मार्च
नर्स आली होती. मनूला म्हणाली, बाहेर पडतेस का? मनूने माझ्याकडे पाहिलं. सव्वा महिना बाळंतीण उंबरा ओलांडत नाही, हे मी जावयांकरवी नर्सला ठणकावून सांगितलं. माझ्या आईनेही मला सोडलं नव्हतं.

२२ मार्च
तळ्यावर ठिपकेवाल्या पक्ष्यांचा थवा. नुसता कलकलाट. घरी येऊन सांगायला लागले, तर मनू ओरडली, "तू रोज हिंडून येतेस आणि मला इथे पडून ऐकायला लावतेस! नको सांगूस मला!" मग हुंदके. बाळही रडायला लागलं.
माझ्या डोक्यात आलंच नाही मेलं. स्वतः उंडारत होते आणि पोरीला कोंडून ठेवलं होतं. फार लाज वाटली. रात्री जेवण गेलं नाही.

२३ मार्च
विसावा दिवस. मनूच्या कानांना स्कार्फ, पायांत दोन-दोन मोजे, बाळ गाडीत. दारात जावई, "आई, सव्वा महिना?"
"तुम्हाला ऑफिसला उशीर होतोय ना?"
तळ्यात बदकं होती, साधीच. मी तोंड मिटून उभी. मनू बराच वेळ बघत राहिली. हसली नाही. परतताना पुन्हा रडली, का ते तिलाही सांगता येईना. घरी बूट काढताना एवढंच म्हणाली, "उद्या मला सोडून जाऊ नकोस."
नाही जाणार. पण सकाळी ती अंथरुणातून उठून यायला तयार होते का, कोण जाणे.