दुहेरी चिऱ्याची भिंत

बाबा, तुमच्या भिंतीने मला तीन दिवस छळलं. आईच्या खोलीची पडवीकडची भिंत, जिला तुम्ही गवंड्याच्या डोक्यावर बसून जांभ्याचा दुहेरी चिरा लावून घेतलात, तीच. गवंडी म्हणत होता म्हणे, "एक चिरो पुरे, हयसर काय किल्लो बांधूचो आसा?" आणि तुम्ही त्याला सांगितलंत की मी वर्षातले नऊ महिने बोटीवर असतो, वादळवाऱ्यात माझ्या बायकोला निवांत झोप लागली पाहिजे. तिला झोप लागली, अजून लागते, अगदी घोरते. पण त्या भिंतीतून वायफाय जात नाही. वायफाय म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडे साधा फोनही नव्हता. पडवीत आता एक छोटा खोका आहे, वर दोन शिंगं असलेला. त्यातून इंटरनेट तारेशिवाय घरभर फिरतं आणि मोबाइल, प्रिंटर असली यंत्रं ते हवेतून पकडतात. तुमच्या रेडिओसारखंच, एवढं म्हटलं की तुम्हाला पुरे. घरभर म्हणजे अर्थात तुमची भिंत लागेपर्यंत.

प्रिंटर कशासाठी घेतला ते आधी सांगते. मी शाळेतून निवृत्त झाले आणि कणकवलीचं बिऱ्हाड आवरून आईकडे राहायला आले. आई ब्याऐंशीची आहे. कंबर ठीक, दात निम्मे, जिभेचं तर विचारूच नका, पण डोळ्यांनी दगा दिलाय. डावा पुरता गेला आणि उजव्याच्या मधोमध डाग वाढत चाललाय. डॉक्टर म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकलं तर टिकलं, आजींना जे बघायचं असेल ते बघून घेऊ द्या. मला वाटलं ही आता एखादं देवस्थान सांगेल, किंवा माहेर. तर ती घरी येऊन पेज जेवली, हात धुतले आणि मला पलंगाखालची पत्र्याची ट्रंक बाहेर ओढायला लावली. "माका तेंची पत्रां वाचूची आसत," म्हणाली. "एकदा सगळी. मगे डोळे गेले तरी चलात."

मी म्हटलं, त्यात काय, मी वाचून दाखवते. तर तिने माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मी तिच्या ताटातला मासा उचलला. "तुका नाय लिवल्यानी ती. माका लिवल्यानी." आता बाबा, तुमचं अक्षर. निळ्या हवाईपत्राचा कागद वाया जाऊ नये म्हणून तुम्ही चारी कडांनी, समासात, अगदी घडीच्या पट्टीवरसुद्धा लिहायचात. आईने भिंग लावून बघितलं. एक शब्द लागायला पाच मिनिटं, आणि डोळ्याला धार. म्हणजे पत्रं मोठी करून छापायला हवीत. बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात न्यायला तिने साफ नकार दिला. दुकानदार वाचतलो, म्हणाली, आणि त्याच्या आवशीला सांगतलो. तेव्हा घरीच प्रिंटर आणायचं ठरलं. तिच्या अटी तीन. पत्रं तिच्या खोलीबाहेर जाणार नाहीत. छापलेली पानं खोलीतच निघतील, कारण पडवीत कोणपण येता. आणि तिसरी, मी वाचायचं नाही.

मी हो म्हटलं खरं. पण मी आणि यंत्र! शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा सगळे शिकले, मी नाही. माझ्या प्रश्नपत्रिका छापून मिळाव्यात म्हणून मी ऑफिसातल्या कारकुनाला दर वर्षी ओल्या काजूची उसळ खाऊ घातली. मिक्सरसुद्धा बिघडला तर मी हात मागे घेऊन उभी राहते. याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे, निदान मला तरी वाटतं की ठाऊक असावं. आठवा, मी अकरा वर्षांची आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही बोटीवर जाणार, निरोप द्यायला वाडीतली माणसं आलीत, आणि तुम्ही त्यांना परदेशातून आणलेला रेडिओ ऐकवायला बसता. रेडिओ मुका. मघाशी मी त्याच्याजवळ उभी होते. माझ्या फ्रॉकने वरची धूळ पुसत होते, बाकी काही नाही. तुम्ही सगळ्यांसमोर ओरडता, "परत खंयच्याय यंत्राक हात लावलंस तर बघ!" मारलं नाहीत, पण कोणीतरी हसलं, ते मला अजून ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. रेडिओ चालू झाला होता. मी बिघडवलेलं तुम्ही दुरुस्त करून गेलात, असंच मी धरून चालले. नऊ महिन्यांनी आलात तेव्हा माझ्यासाठी बाहुली आणाल, डोळे मिटणारी, अशी माझी खात्री होती. तुम्ही पिशवीतून काढलात एक स्क्रूड्रायव्हर. पिवळ्या मुठीचा, वीतभर. सगळ्यांनी पुन्हा हसून घेतलं. दोन दिवसांत तो माझ्याकडून हरवला.

तर प्रिंटर आला. नवं यंत्र घरात आलं आणि पूजेशिवाय सुरू केलं असं आपल्याकडे कधी झालंय? आईने हळदकुंकू लावलं, जास्वंदीचं फूल ठेवलं, अक्षता टाकल्या आणि नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या यंत्राक बरी बुद्धी दी, आणि माज्या चेडवाक वायच जास्त दी." ते चेडू मीच, पण घरात तिसरं माणूस नाही, म्हणून "व्हय म्हाराजा" मलाच म्हणावं लागलं. डोळ्यांना नीट दिसत नसल्याने अक्षता पडल्या त्या थेट कागद घालायच्या फटीत. मी बटण दाबलं, कर्रर्र असा आवाज झाला आणि तांबडा दिवा लागला. माझे हात आपोआप मागे गेले. पण कारकून तिथे नव्हता आणि काजूचा हंगामही नव्हता. मी प्रिंटर उलटा केला, हलवला, केसातली पिन काढून खुपसत बसले, आणि अर्ध्या तासाने तांदळाचे तीन दाणे बाहेर आले. आई म्हणाली, "बघ, देवान परसाद दिल्यान."

या प्रिंटरला एकच नक्कल काढायचं बटण आहे आणि त्यातून निघते ती तेवढ्याच आकाराची नक्कल. मोठं करायचं तर पत्र काचेवर पालथं घालायचं, ते मोबाइलमध्ये उमटवायचं, तिथे वाढवायचं आणि छापायला परत पाठवायचं. त्यासाठी मोबाइल आणि प्रिंटर दोघे एकाच वायफायवर हवेत. पुस्तिकेत हे काम चार चित्रांत उरकलंय. चित्रातली बाई हसतेय, तिच्या घराला बहुतेक चिऱ्याच्या भिंती नसाव्यात. मी बटण दाबून धरते, निळा दिवा लुकलुकतो, मोबाइल प्रिंटरला शोधतो, पासवर्ड विचारतो, मी एकेक अक्षर बोटाने दाबते, आणि दोन मिनिटांनी उत्तर येतं की जोडता आलं नाही. पुन्हा करा. पुन्हा केलं. पहिल्या दिवशी सात वेळा. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की पासवर्डच चुकतोय, मोठी अक्षरं, छोटी अक्षरं सगळं तपासलं. तिसऱ्या दिवशी वैतागून प्रिंटर उचलला आणि पडवीत खोक्याशेजारी नेऊन ठेवला. पहिल्या झटक्यात जोडला गेला, दिवा लुकलुकायचा थांबून शांत झाला. परत आईच्या खोलीत आणला, पुन्हा लुकलुक. तेव्हा माझ्या लक्षात आलं गुन्हेगार कोण ते. भिंतीवर मी चक्क एक चापट मारली, बाबा. लागली मलाच.

खोकाच आत घ्यायचा म्हणून इंटरनेटवाल्याला बोलावलं. भला माणूस, पन्नाशीचा, चपला बाहेर काढून आत आला. भिंत ठोकून बघितली आणि म्हणाला, "काकी, वायर आत घेतलंय की झाला. भितीक वायच बुराक पाडूचो लागतलो, मशीन आसा माज्याकडे." आई पलंगावरून उठूनच बसली. "माज्या भितीक मशीन लावूचा नाय. बुराक आसा." त्याने विचारलं, खंय? तिने न बघता बोट दाखवलं, "त्या कॅलेंडराच्या पाठसून. तेंनीच पाडलेलो, रेडिओच्या तारेसाटी." मी पार विसरले होते. माडावर बांधलेली ती एरियलची तार याच खोलीत यायची, आईला हवामानाच्या बातम्या पलंगावरून ऐकता याव्यात म्हणून. दोन दिवस छिन्नी घेऊन बसला होतात तुम्ही. दुहेरी चिरा तुम्हालाही आडवा आला होताच की. कॅलेंडर काढलं तर भोकात कापडाचा बोळा ठासलेला. त्याने तो ओढून काढला. तुमच्या बोटीवरच्या बॉयलर सुटाची बाही होती ती, रेडिओ मोडीत गेल्यावर वारा येऊ नये म्हणून आईने कोंबलेली. तिने ती हातात घेतली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "तेलाचो वास गेलो गो." इंटरनेटवाला खाली बघून वायर सोडत राहिला.

वायर आत आली. खोका आईच्या उशाशी बसला. मी बटण दाबून धरलं, निळा दिवा लुकलुकू लागला, मी पासवर्ड घातला, आणि दिव्याकडे बघत बसले, आई माझ्याकडे. दिवा स्थिर झाला. बाबा, मला रडूच आलं. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने प्रिंटर जोडला म्हणून रडावं, यात शोभेचं काही नाही, पण आलं खरं. आई म्हणाली, "रडतंस कित्याक? आता पत्र घाल."

वाचायचं नाही हे वचन मी कसं पाळलं सांगते. चष्मा काढून ठेवला. चष्म्याशिवाय तुमचं अक्षर म्हणजे मला नुसत्या मुंग्या, काचेवरही आणि मोबाइलवरही. मी मुंग्यांची रांग धरली, ताणून मोठी केली आणि छाप म्हटलं. एका पत्राची नऊ पानं झाली. आई एकेक पान नाकाजवळ धरून वाचायला लागली. ओठ हलत होते. मध्येच हसली, मध्येच "काय तरीच" म्हणाली, आणि एकदा पदराने तोंडच झाकलं. तिला इतकं तरुण मी कधी बघितलं नव्हतं.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मोठी केलेली अक्षरं जांभळाएवढी होती, आणि जांभळाएवढी अक्षरं मला चष्म्याशिवायही दिसतात. तिसऱ्या पत्राचं एक पान प्रिंटरमधून निघून सरळ माझ्या मांडीवर पडलं आणि मी डोळे मिटायच्या आत वाचून झालं होतं. "निघण्यापूर्वी सकाळी रेडिओ उघडला होता. मागे तारेच्या जोडाला डाख मीच कच्चा दिला होता, तार सुटली होती. पोरीचा काही दोष नव्हता. सगळ्यांसमोर उगाच ओरडलो. तू तिला सांगू नको. आलो की माझ्या तोंडाने सांगेन." मी पान आईला दिलं. तिने वाचलं, सावकाश, दोनदा. मग विचारलं, "वाचलंस काय गो?" मी म्हटलं, "चष्मो खंय आसा माज्याकडे?" ती हसली आणि ते पान तिने बाकीच्यांत न ठेवता उशीखाली सरकवलं.

म्हणजे तिला सत्तेचाळीस वर्षं ठाऊक होतं आणि तिने तुमचं सांगणं पाळलं. आणि तुम्ही आलात, पण तोंडाने काही सांगितलं नाहीत. नऊ महिने ते वाक्य जवळ बाळगून, कुठल्याशा बंदरात उतरून, अवजारांच्या दुकानात उभं राहून अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात मावेल असा पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर शोधलात, आणि मला वाटलं की तुम्ही माझी थट्टा करताय. मला तुमचा राग यायला हवा होता. मी प्रयत्नही केला. जमला नाही. यंत्रांना भिण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, ते मात्र तुम्हाला ऐकवून ठेवते.

पत्रं अजून चाळीसेक उरलीत. रोज दुपारी दोन होतात. हे माझं पत्र कुठे पाठवायचं नाहीच, ट्रंकेत तुमच्या पत्रांच्या तळाशी ठेवणार आहे. अक्षर मुद्दाम बारीक काढलंय, तुमच्याहून बारीक, म्हणजे आईला भिंगानेसुद्धा लागणार नाही. कारण तुमचं तर मला कळलं, आता माझंही सांगून टाकायला हवं. तो स्क्रूड्रायव्हर हरवला नव्हता, बाबा. मी तो विहिरीत टाकला होता. आणि तुम्ही दोन दिवस माझ्याबरोबर घरापुढच्या खळ्यात वाकून तो शोधत होतात.