मॅव्हिसच्या सूर्यफुलाचं पिंप

प्रिय कथबर्ट मेहुणेबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा, तुमची कबुतरं आणि क्लबाच्या भाजी-प्रदर्शनासाठी वाढवलेली, कांद्याच्या पातीसारखी पण मनगटाएवढी जाड लीकची रोपं, सगळी खुशाल असोत. (फोन तुम्ही हल्ली उचलत नाही, म्हणून पत्र.) इकडे मी ठीक आहे. तुमच्या बहिणीचा मात्र जीव कचऱ्यात अडकला आहे.

आमचं कचऱ्याचं चाकवालं पिंप पुन्हा चोरीला गेलं. पहिलं गेलं तेव्हा मी हसण्यावारी नेलं. खिडक्या पुसत पुसत तळलेल्या माशांच्या तीन दुकानांचा मालक झालेला माणूस पिंपासाठी रडत नाही. दुसऱ्यावर घराचा नंबर एवढा मोठा रंगवला की पोस्टमन दार सोडून त्यातच पत्रं टाकू लागला. मग ते साखळीने फाटकाला बांधलं. कचरागाडीवाल्यांनी साखळीकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि भरलेलं पिंप तसंच सोडून गेले. कुलपं उघडणं म्हणे त्यांच्या कामात येत नाही. तेव्हा गाडी येताना कुलूप काढायला मी सकाळी पायजम्यावर फाटकाशी उभा राहू लागलो. समोरच्या आयव्हीबाईंनी गल्लीभर सांगितलं की मॅव्हिसने नवऱ्याला घराबाहेर काढलंय, आणि मला वाटीभर सूप आणून दिलं. (सूप झकास होतं. मी खुलासा केला नाही.)

शेवटी साखळी काढली आणि मॅव्हिसने पिंपावर भलंमोठं सूर्यफूल रंगवलं. इतकं ओळखीचं पिंप कोण नेणार? नेलं. आता पालिकेचं नवं पिंप येईल तेव्हा येईल, आणि पिशवीतला कचरा गाडी उचलत नाही. स्वयंपाकघरामागे पिशव्यांचा डोंगर झालाय. काल मॅव्हिसने बॅग काढली. म्हणाली, "पिंप आलं की कळव. तोवर मी आमच्या कथबर्टकडे." मी परोपरीने समजावलं, प्रदर्शन तोंडावर आलंय, तो शेडमध्येच झोपतो, वाफ्याजवळ कुणाला फिरकू देत नाही. त्यावर शांतपणे म्हणाली, "मग त्याची शेड आवरून देते."

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
हर्बी

ता. क. परवा रविवारी मी तुमच्या मळ्यावर आलो तेव्हा तुम्ही मला फाटकाशीच थोपवलंत आणि गोणपाटाखालचं काहीतरी घाईघाईने शेडमागे ढकललंत. मासा तळला गेला की नाही हे मी नुसत्या आवाजावरून सांगतो, मेहुणेबुवा. आमच्या पिंपाचं डावं चाक किरकिरतं. लेंड्यांचं ते तुमचं गुपित खत मुरवायला तुम्हाला दुसरं काही मिळालं नाही का? मॅव्हिसला मी अजून बोललेलो नाही. तिची बस शुक्रवारी आहे.

आणखी एक ता. क. पिंप रिकामं करून, धुऊन वगैरे पाठवण्याचे कष्ट घेऊ नका. आहे तसं, काठोकाठ भरलेलंच पाठवा. यंदा परसात मीही लीकची एक ओळ लावली आहे, आणि क्लबात प्रदर्शनासाठी नावही दिलं आहे.