सावित्रीच्या रिपोर्टची फोड

३ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ६.३०
आजपासून रोज वीस शब्दमुळं. दहा ग्रीक, दहा लॅटिन. सुट्टी नाही. बिदरला जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर घेतलेलं डॉक्टरी शब्दांचं पुस्तक अखेर उघडलं. मोठ्या इंग्रजी शब्दाला घाबरायचं नाही. त्याचे तुकडे करायचे, तुकड्यांचे अर्थ जोडायचे. गॅस्ट्रो म्हणजे पोट, आयटिस म्हणजे सूज. झाला रोग हातात. ठाणाकुशनूरच्या पोरांना बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण हे मला कुणी सांगितलंच न्हाई.
घरात मराठी, बाजारात कन्नड, बसमध्ये दखनी, औरादच्या पलीकडं तेलुगू. चार भाषांत उठबस असलेल्या माणसाला आणखी दोन काय जड आहेत?

४ फेब्रुवारी
काल सहा झाली. लाईट नव्हती. राहिलेली चौदा धरून आज चौतीस.

५ फेब्रुवारी
आजपासून रोज दहा. वीस जरा अतीच होतं.
शेजारचा हावगेप्पा दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आला. हायपरटेन्शन. हायपर म्हणजे जास्त, टेन्शन म्हणजे ताण. सांगितलं, भावाबरोबरचं भांडण मिटव. फार खूश झाला. म्हणाला, डॉक्टरनं नुसत्या गोळ्या दिल्या मास्तर, असं उलगडून कुणी सांगितलंच न्हाई.

८ फेब्रुवारी
आमच्या हिचं, सावित्रीचं पोट अजून दुखायलंय. पाठीपर्यंत कळ जाते म्हणते. बिदरच्या डॉक्टरनं गेल्या आठवड्यात पोटातला बारीक तुकडा तपासायला पाठवलाय. रिपोर्ट सोमवारी. तो घेऊन तडक माझ्याकडं या, असं त्यानं दोनदा सांगितलं. दोनदा कशाला सांगायचं? मी काय अडाणी आहे?

१० फेब्रुवारी
लॅबमधून रिपोर्ट घेतला. डॉक्टरकडं ही मोठी रांग. म्हटलं, वाचता येतंय तर बसायचं कशाला? सरळ बस धरून परत आलो. उद्या सकाळी शांतपणे फोड करणार.

११ फेब्रुवारी, सकाळी
पॅनक्रिआस. पॅन म्हणजे सर्व, क्रिआस म्हणजे मांस. अवयव कळला.
अडेनोकार्सिनोमा. अडेनो म्हणजे ग्रंथी, ओमा म्हणजे गाठ. मधला तुकडा राहिला. चष्मा टोचायलाय.

१२ फेब्रुवारी
मधला तुकडा सापडला. कार्सिन म्हणजे खेकडा. ओढ्यातला प्राणी रिपोर्टात कशाला येईल? टाईप करणाऱ्या पोरीची चूक असणार. हल्ली कुणाचं कामात लक्ष नसतं. सोडून दिलं.

१३ फेब्रुवारी
महत्त्वाचा शब्द लागला. मेटास्टॅसिस. मेटा म्हणजे बदल, स्टॅसिस म्हणजे उभं राहणं. म्हणजे दुखण्यानं जागा बदलली. मूळ जागा सोडून ते निघालंय. एकदा निघालं की जाणारच.
सावित्रीला सगळं समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकलं. बरं झालं म्हणाली. मग माझा सदरा वाळत घालायला गेली. आता डॉक्टरची घाई नाही. कशाला तिला बसमध्ये धक्के खायला लावायचे?

१५ फेब्रुवारी
सावित्रीला एकदम हुरूप आलाय. मला भाकरी थापायला बसवलं. पीठ गरम पाण्यात मळा, असं दाबा, कड फाटू देऊ नका. माझ्या भाकरीचा नकाशा झाला. ती हसली, मग पोट धरून खाली बसली. म्हणाली, उद्या परत करू. मी विचारलं, कामून? या वयात मला भाकरी शिकवून काय उपयोग? तिनं गॅसचं बुक कुठं असतं तेही दाखवलं. घरात उगाच कामं काढती.
मुळं: शून्य.

१७ फेब्रुवारी
पुण्याहून पिंकीचा फोन. रिपोर्टचा फोटो पाठवा म्हणाली. पाठवला नाही. लेकीला मुळांचं ज्ञान नाही, उगाच घाबरेल. सांगितलं की दुखणं जायच्या वाटेवर आहे. ती आईला फोन द्या म्हणाली. दिला. दोघी बराच वेळ बोलल्या. सावित्रीनं दार लोटून घेतलं होतं.

१९ फेब्रुवारी
हावगेप्पा बसस्टँडवर चक्कर येऊन पडला. भावाबरोबर समझोता झाला म्हणून त्यानं गोळ्या बंद केल्या होत्या. त्याची बायको दारात येऊन मला नको नको ते बोलली. मी शब्दाचा अर्थ सांगितला होता, गोळ्यांचं बोललोच नव्हतो. लोकांना अर्धवट ऐकायची सवय आहे.
यापुढं बाहेरच्यांचे रिपोर्ट घ्यायचे नाहीत.

२२ फेब्रुवारी
सावित्रीचे डोळे पिवळे दिसायलेत. पुस्तक काढलं. इक्टेरस म्हणजे कावीळ. आणि त्याच नावाचा एक पिवळा पक्षीही. ग्रीक लोक मानत की तो दिसला की माणसाची कावीळ उतरते. आपल्याकडचा हळद्याच तो. मागच्या लिंबावर येतो.
तिला अंगणात खुर्चीवर बसवलं, शाल पांघरली. दोघं तासभर वर बघत बसलो. हळद्या आला नाही. तिनं माझा हात धरला होता. कळ आली की घट्ट धरायची.
उद्या लवकर बसणार.

२४ फेब्रुवारी
पिंकी न सांगता आली. आईकडं बघून दारातच थबकली. मग कपाटातून रिपोर्ट काढला आणि उभ्या उभ्या वाचला. मी मेटा समजावून सांगायला गेलो. अप्पा, बस करा म्हणाली. माझ्याशी ती असं कधी बोलत नाही. रागाऐवजी भीती वाटली.

२५ फेब्रुवारी
तिघंही बिदरला. डॉक्टरला आधी माझी फोड सांगितली. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही. मग कन्नडमध्ये, हळू म्हणाला, मास्तर, तुमचा अर्थ चुकला न्हाई. पण रोग मूळ जागेवरून गेलेला न्हाई. तिथंही आहे आणि लिव्हरमध्येही आहे. दोन महिने. फार तर तीन.
मी विचारलं, त्या दिवशी आलो असतो तर? बरं झालं नसतं, म्हणाला. दुखणं थांबवायचं औषध मात्र त्याच दिवशी सुरू केलं असतं.
म्हणजे पंधरा दिवस तिनं कळा सोसल्या त्या माझ्यामुळं. इथं दुसऱ्या कुणाचं नाव घालता येत नाही.
बाहेर बाकावर रडलो. लोक बघत होते. सावित्री म्हणाली, मला ठावं हुतं. पैल्याच दिवशी, तुमी पावती करायला गेलाव, तवा डॉक्टरनं मला इचारलं, काय खावंसं वाटतंय? म्हणला, मनाला येईल ते खावा, गोडबी खावा. शुगर हाय म्हणून बारा वर्षं च्यातबी साखर घालू दिली न्हाई कुणी, आन हा गोड खा म्हणायलाय. तवाच समजले मी.
मग बोलली कामून न्हाईस, विचारलं. म्हणाली, तुमी किती खुशीत सांगायलता मला.

२७ फेब्रुवारी
औषध लागू पडलं. काल बऱ्याच दिवसांनी सलग झोपली. सकाळी म्हणाली, बालुशाही खावी वाटायलीय.
पावशेर आणायला गेलो. मिठाईवाला शरणबसव हसत म्हणाला, मास्तर, काय खुशखबर? पिंकी आलीय, म्हणालो.
सावित्रीनं अर्धी खाल्ली. उरलेली माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, बगत काय बसलाव, खावा.
खाल्ली.