अठरा होल पायी

उस्ताद, आमच्या गावात लोक मला येडा म्हणतात, आणि त्याला निम्मे तुम्ही जबाबदार आहात. मालेगावपासून थोडं आत माझं वावर आहे. सोयाबीन निघालं की सगळ्या रानात हरभरा पेरतो, फक्त बांधालगतचा एक पट्टा मी पडीक ठेवतो. रोज सकाळी तिथं जाऊन आधी एका पायावर उभा राहतो, मग दुसऱ्यावर. मग कंबर फिरवतो, वाकतो, बसतो, उठतो, आणि सगळं झाल्यावर काठीनं पांढरे चेंडू तुरीच्या दिशेनं मारतो. माझी शेती बटईनं करणारा गडी परवा बांधावर येऊन उभा राहिला. म्हणाला, "काका, एवढी जागा काहून वाया घालून राह्यले? दोन पोते हरभरा झाला असता." मी म्हटलं, "गोल्फ हाय बाबू हा." तर म्हणतो, "तो तं गाडीत बसून खेळतात ना टीव्हीत? मंग ह्या उठाबशा कायले?" आता याला काय सांगू! "तुले नाई समजत," म्हणून मी मोकळा झालो. त्याची बायको तुरीत सापडलेले चेंडू पदरात बांधून आणते आणि ओट्यावर ठेवते. "घ्या काका, तुमचे अंडे," म्हणते आणि हसत निघून जाते. दिवसभरात माझ्याशी बोलणारी तेवढी दोनच माणसं.

गड्यानं विचारलं तेच मीही तुम्हाला विचारलं होतं, आठवतं? फौजेत साहेब लोकांच्या काठ्यांच्या पिशव्या उचलता उचलता मला या खेळाचा नाद लागला आणि एका भल्या साहेबानं मला पलटणीच्या संघात घेतलं. हात माझे वखर धरलेले, मला वाटायचं ताकद लावली की झालं. दणकून मारायचो आणि चेंडू निलगिरीच्या झाडांत. वर पाठ अशी धरायची की रात्री कूस बदलता येत नसे. साहेबांनी मला तुमच्याकडं, पलटणीच्या पीटी उस्तादांकडं, पाठवलं. तुम्ही गळ्यात शिट्टी घालून मैदानात उभे आहात, मला वरून खाली बघता आहात. "कुठला रे तू?" "वाशीमकडचा, उस्ताद. मालेगाव." "मी कारंजाचा. आपल्याकडला हायेस, तं तुहा घाम जास्त काढीन." आणि पहिलं काम काय केलंत, तर माझ्या काठ्या कोठीत टाकून कुलूप लावलं. "हातानं मारून राह्यला तू. कंबर झोपली हाय तुही, पाय झोपले हायेत. आधी त्याइले जागं कर, मंग खेळ."

महिनाभर काठी दाखवली नाहीत. गोल्फचा ग सुद्धा तुम्हाला येत नव्हता, आयुष्यात कधी चेंडूला काठी लावली नव्हती, आणि मला सांगता काय तर एका पायावर उभं राहून डोळे मीट! कोपरांवर पालथं लाकडासारखं पडून राहा! पाय रोवून नुसतं छाती-खांदे वळव! मी तुमच्या मागं तुम्हाला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. पण ज्या दिवशी काठी परत हातात आली त्या दिवशी मी जोर लावलाच नाही. कंबर वळली, हात तिच्या मागून आले आणि चेंडू सरळ गेला, इतका सरळ की मीच चरकलो. पाठ दुखायची थांबली. खरी गंमत पुढं कळली. चौदाव्या-पंधराव्या होलपर्यंत बाकीच्यांचे पाय जड व्हायचे, थकलेल्या माणसाची काठी उशिरा यायची आणि चेंडू उजवीकडं पळायचा. माझा नाही पळायचा. आम्ही जिंकून आलो तेव्हा तुम्ही जेवणाच्या लंगरच्या दारात चहा पीत होता. शाबासकी नाही, काही नाही. "जेवला का?" एवढंच. घरी जाताना तुम्ही मला सायकलच्या जुन्या ट्यूबचा गाठ मारलेला तुकडा दिला होता. "दाराच्या कडीले बांधजो अन् ओढजो. कोनी संगं नसलं तरी होते याच्यावर." तेव्हा घर भरलेलं होतं. संगं कोणी नसणं म्हणजे काय, हे मला कुठं ठाऊक होतं?

आता ठाऊक आहे. बायको गेली, मुलगा पुण्याला. संघातला माझा जोडीदार, ज्याला तुम्ही ताडाचं झाड म्हणायचात, तो नागपूरला राहतो. दर हिवाळ्यात आम्ही दोघं छावणीच्या मैदानावर एक राउंड खेळायचो. अट एकच, गाडीत बसायचं नाही, अठरा होल पायी. गोल्फ तर निमित्त, उस्ताद. चार तास बाजूला कोणाची तरी पावलं वाजायची. बोलायचो थोडंच, पेन्शन, नातवंडं, मेलेली माणसं. वर्षातून तेवढेच चार तास मी कोणासोबत तरी चालायचो, आणि त्यावर उरलेलं वर्ष काढायचो. मागच्या वर्षी बाराव्या होलवर माझी पाठ धरली. मला गाडीत घालून नेलं. तो लांब हिरवळीवर एकटाच चालत होता, दोनदा वळून बघितलं त्यानं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

म्हणून पोळ्यापासून लागलो. तुमचं सगळं आठवून आठवून केलं. सुरुवातीला एका पायावर उभं राहताना बाभळीला धरावं लागायचं. आता धरत नाही. पँट उभ्यानं चढवतो. रोज नदीपर्यंत जाऊन येतो आणि दम लागत नाही. दिवाळीनंतर चेंडू पुन्हा सरळ जायला लागला. बॅगेत नवे मोजे सुद्धा भरून ठेवले होते.

काल नागपूरहून त्याचा फोन आला. "गड्या, औंदा नाई जमत. गुडघे गेले पार. डॉक्टर म्हनते जिना बी चढू नको. काठ्या देऊन टाकल्या मी भाच्याले." मग म्हणाला, "तू ये ना पन. दुसऱ्या कोनासंगं खेळ." आवाज असा काही पडला होता की माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मी कायचं खेळतो बे! माही कंबर मागच्या सालापासून उठलीच नाई. तुले फोन करनारच होतो, येत नाई म्हनून." तो पहिल्यांदा हसला. "म्हंजे दोघंबी भंगार!" म्हणाला, आणि मग कितीतरी वेळ खुशीत बोलत राहिला, गुडघ्याचं, गोळ्यांचं, शेकाचं. मीही माझ्या कंबरेचं रंगवून सांगितलं.

हा कागद मी कोणाच्या हाती देणार नाही. तुम्ही तर कधीच गेलात. कारंजात तुमचं कोणी असेलही, पण इकडची गोष्ट तिकडं जायला वेळ लागत नाही, आणि त्या ताडाच्या झाडाच्या कानावर हे जायला नको. तुम्हाला मात्र खोटं सांगता येत नाही. आज सकाळी सगळा व्यायाम केला, नदीपर्यंत जाऊन आलो, परत येऊन ओट्यावर बसलो. कुठंच काही दुखत नाही, उस्ताद.