चार पंख्यांना चार जाळ्या

सोमवार, ७ एप्रिल २०२५

आजपासून नोंदी. टेक्निकल काम हातात घेतलं की लॉगबुक हवंच. टेलिफोन एक्सचेंजमध्ये सत्तावीस वर्षं लिहिलंय. एक्सचेंज बंद झालं, मी व्हीआरएस घेतली, पण शिस्त घरी घेऊन आलो.

विषय: लेकीचा, इशिताचा कॉम्प्युटर. शेजारची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय. तोडकाम सुरू झालं आणि भाईंदरच्या अख्ख्या नवघरची धूळ आमच्या बेडरूममध्ये राहायला आली. आज इशिता शिकवणीला गेल्यावर (गोडदेवला लहान मुलांना ड्रॉइंग शिकवते) कॅबिनेटची बाजूची प्लेट काढून बघितलं. आत करडी गोधडी.

निर्णय: चारही पंख्यांना डस्ट फिल्टर. समोरचे दोन, मागचा एक, वरचा एक. अंदाजे वेळ: एक तास.

वासंतीला संध्याकाळी सांगितलं. ती मीरा रोडच्या एका शाळेत ऑफिस सांभाळते, थकून येते. म्हणाली, पोरीच्या वस्तूला हात लावू नकोस, तिचं महत्त्वाचं काम चाललंय. महत्त्वाचं चाललंय म्हणूनच तर.

बुधवार, ९ एप्रिल

रेडिमेड फिल्टर ऑनलाइन मिळतो, पण यायला आठवडा. धूळ आठवडाभर थांबणार नाही. माळ्यावरच्या जुन्या मच्छरदाणीचे चार चौकोन कापले, डबल टेपने चिकटवले. वेळ: पावणेचार तास. फिनिशिंग उत्तम.

मच्छरदाणी जुनी नव्हती असं वासंतीचं म्हणणं. असेल.

इशिताने स्क्रीनच्या कोपऱ्यात आतलं तापमान दिसेल अशी सोय केलीय. काल ६४, आज ७१. उन्हाळा वाढतोय.

शनिवार, १२ एप्रिल

सकाळी कॅबिनेटमधून खर्रर्र आवाज. टेप सुटून एक जाळी पंख्यात ओढली गेली होती. दोष टेपचा, डिझाइनचा नाही. आता जाळी दुहेरी केली.

इशिता काय करतेय ते आज नीट विचारलं. दोन मिनिटांची फिल्म. मिठागरात राहणारा एक खेकडा, भरतीचं पाणी चढतंय आणि तो बीळ सोडून निघालाय. एकेक चित्र तयार व्हायला कॉम्प्युटरला बरीच मिनिटं लागतात, अशी जवळजवळ तीन हजार चित्रं. हैदराबादच्या एका स्टुडिओला पाठवायचीय, शेवटची मुदत सोमवार २८, संध्याकाळी पाच. निवड झाली तर तिकडेच नोकरी.

मी सुचवलं, खेकड्याचे दोन-चार पाय कमी केलेस तर मशीनवर लोड कमी येईल. तिने हेडफोन लावले.

तापमान ७८.

मंगळवार, १५ एप्रिल

मुळावर घाव घालायचं ठरवलं. बेडरूमची खिडकी बंद, फटींना टेप. एक्सचेंजमध्ये आम्ही स्विचरूमच्या बाहेर चप्पल काढायचो, तोच नियम घरात लागू केला. बेडरूममध्ये शिरण्याआधी पाय धुणं कंपल्सरी.

इशिताचं म्हणणं, खोलीत गुदमरायला होतं. एक्सचेंजमध्येही खिडक्या नव्हत्या, कुणी तक्रार केली नाही. तिथे एसी होता हे वासंतीने लक्षात आणून दिलं. ती आजपासून हॉलमध्ये झोपणार आहे.

शुक्रवार, १८ एप्रिल

हाटकेशला जाऊन आलो. मितेशचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे तिथे, पोरगा गुजराती पण मराठी चांगलं बोलतो. माझ्या कामाचा फोटो दाखवला, फक्त शाबासकीसाठी. तो म्हणाला, काका, समोरचे दोन पंखे हवा आत घेतात, त्यांना एक पातळ जाळी पुरे. मागचा आणि वरचा गरम हवा बाहेर टाकतात, त्यांना फिल्टर लावतच नाहीत. नाहीतर गरम हवा जाणार कुठून?

प्रश्न चांगला होता. घरी येईपर्यंत उत्तर सापडलं. मागचा आणि वरचा पंखा स्क्रू काढून उलटे बसवले. आता चारही पंखे हवा आतच घेतात. बाहेर टाकणारा पंखाच नाही म्हटल्यावर मितेशचा मुद्दा निकालात निघाला.

गल्ल्यावर बसणाऱ्याला एवढा पुढचा विचार सुचत नाही.

सोमवार, २१ एप्रिल

तापमान ९२. दुपारी कॉम्प्युटर दोनदा आपोआप बंद पडला. इशिताचं अर्ध्या दिवसाचं काम गेलं.

तिने सांगितलं की ती कॉम्प्युटर उचलून हेमालीकडे नेणार आहे. हेमाली तिची कॉलेजची मैत्रीण, मीरा रोडला राहते. घरात एसी, शेजारी बांधकाम नाही. मी स्पष्ट नकार दिला. रिक्षात धक्के बसतात, एखादी वायर सुटली तर कोण बघणार? हेमालीचे वडील कपड्यांच्या धंद्यात आहेत.

 इशिता म्हणाली, ठीक आहे, पण आता कशालाच हात लावू नकोस. मी शब्द दिला. शब्द जाळ्यांबद्दल होता, असं मी समजतो.

गुरुवार, २४ एप्रिल

लॉकडाउनमधल्या मास्कचा एक अख्खा खोका सापडला. मास्क म्हणजे जाळी नव्हे, त्यामुळे शब्द मोडला असं होत नाही. दुहेरी जाळीवर एकेक मास्क ताणून बसवला. पंख्यासमोर हात धरून बघितला, हवा अजिबात जाणवत नाही. म्हणजे धुळीचाही प्रश्न मिटला.

तापमान बघितलं नाही. सारखं बघितल्याने माणूस विचलित होतो.

शनिवार, २६ एप्रिल

दरवाजा हे शेवटचं भोक होतं. हॉलमधून धूळ येते. चौकटीला चारही बाजूंनी फोमची पट्टी लावली, वर भरपूर गोंद. दार आता खांदा लावल्याशिवाय सरकत नाही. हीच हवाबंद असल्याची खूण.

जेवताना हैदराबादचा विषय निघाला. तिथे धूळ किती असते याची कुणी चौकशी केलीय का, असं मी विचारलं. कुणीच केलेली नाही. पाणी कसं आहे, खोली कुठल्या दिशेला, खाली रात्री वॉचमन असतो का, काही म्हणजे काही माहीत नाही. वासंती म्हणाली, अजून निवड तरी होऊ दे. मीही तेच म्हणतोय.

सोमवार, २८ एप्रिल

स. ११.१०. शेवटची चाळीस चित्रं लावून इशिता शिकवणीला गेली. काल दिवसभर ती टेबल फॅनचं तोंड कॅबिनेटकडे करून बसली होती, म्हणून एवढं तरी झालं. दोनपर्यंत येते म्हणाली. जाताना सांगून गेली, बेडरूममध्ये जाऊ नकोस.

स. ११.४०. फक्त बघायला गेलो. टेबल फॅन धूळ उडवत होता, तो बंद केला. दार नीट लावून घेतलं.

दु. १२.०५. कॉम्प्युटर बंद पडला. चालू करतो, लगेच पडतो.

दु. १२.१०. वासंतीला फोन करावा म्हणून बाहेर जायला निघालो. दार उघडत नाही. फोमवरचा गोंद उकाड्याने पाघळून दाराला धरलाय. जोर लावून ओढलं तर हँडल हातात आलं.

दु. १२.१५. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला.

दु. १२.४०. हाका मारल्या. शेजारी ब्रेकर मशीन चालू आहे, मलाच माझी हाक ऐकू येत नाही.

दु. १.१५. शर्ट काढला. पाणी नाही. टेबलावर इशिताची अर्धी बाटली होती, ती संपवली. खोलीत एक्सचेंजसारखा वास येतोय, तापलेल्या वायरचा. मी अडकलेलो नाही. दार अडकलंय.

दु. १.५०. खेकड्याची चित्रं भिंतीवर चिकटवलेली आहेत, पेन्सिलची. ती बघत बसलो. एकेका पायाला किती वेळ दिलाय पोरीने. मला वाटलं होतं, हे सगळं कॉम्प्युटरच करतो.

(पुढचं संध्याकाळी लिहितोय.)

दोन वाजून वीस मिनिटांनी इशिता आली. बाहेरून दार ढकललं, हललं नाही. मी सगळी परिस्थिती शांतपणे सांगितली. 

ती दाराला तोंड लावून म्हणाली, "बाबा, नीट ऐक. पंख्यांवरचं सगळं काढ."

मी म्हटलं, निदान समोरचे राहू देत.

"सगळं. एकही ठेवू नकोस."

मास्क काढले, जाळ्या काढल्या. टेपचा चिकटा नखांत गेला. झालं म्हणून सांगितलं.

"चारही?"

तीन काढले होते. मागचा फारच सुबक बसला होता.

"बाबा, चौथा काढ."

काढला. मग तिने कॅबिनेटची बाजूची प्लेट उघडून ठेवायला लावली, टेबल फॅन चालू करायला लावला आणि म्हणाली, आता खिडकी. तेरा दिवस टेपने बंद केलेली खिडकी. मी म्हटलं, धूळ येईल.

"येऊ दे. मला पाचच्या आत पाठवायचंय बाबा. यानंतर परत संधी नाही."

असं ती कधी बोलत नाही. आवाज रडका नव्हता. रडका असता तर मी समजूत घातली असती. मी टेप ओरबाडला, खिडकी उघडली. वारा आत आला, त्याच्याबरोबर पांढरी धूळही आली, टेबलावर, माझ्या अंगावर. कॉम्प्युटर चालू झाला. राहिला. पुढे काय दाबायचं ते ती बाहेरून सांगत होती, मी दाबत होतो. दोनदा चुकलं, तिने दोनदा परत सांगितलं. चित्रं पुढे सरकायला लागली. तापमान ७४.

तेवढ्यात ती तळमजल्यावरच्या चंद्रावतीबाईंना घेऊन आली. भाईंदरच्या कोळी घरातल्या. घरी नारळ सोलायचा कोयता असतो त्यांच्याकडे. त्यांनी कोयत्याचं पातं फटीतून फिरवत फोम कापला आणि आतल्या माणसाला म्हणजे मला बाजूला व्हायला सांगून दाराला एक धडक दिली. दार उघडलं. मी उघडा, पांढराफटक, हातात हँडल. बाई म्हणाल्या, "कोंबडीचा खुराडा बी याच्यापेक्षा मोकला हाय." कोयता पदराला पुसून खाली गेल्या. चहाला थांबल्या नाहीत.

इशिता सरळ खुर्चीत बसली. पाचला बारा मिनिटं कमी असताना फिल्म गेली.

एकंदरीत, आणीबाणीच्या वेळी मशीन मी स्वतः चालवलं, हे नोंदवून ठेवतो. वासंती आली, तिने खोली बघितली, मग मला बघितलं आणि केरसुणी आणली.  

सोमवार, १२ मे

इशिताची निवड झाली. दीडशे अर्जांमधून चौघांना घेतलंय. खेकड्याचे पाय फार आवडले म्हणे त्यांना. मी पेढे आणले. चंद्रावतीबाईंना स्वतः नेऊन दिले. त्यांनी विचारलं, पोरगी गेल्यावर तुमी काय करनार? मी म्हटलं, बरीच कामं आहेत. कुठली ते त्यांनी विचारलं नाही, बरं झालं.

शनिवार, ३१ मे

उद्या निघणार. कॉम्प्युटर सोबत नेतेय. सकाळी इशिताने खाली बसून कॅबिनेट उघडलं, उलटे पंखे सुलटे केले आणि समोरच्या दोघांना विकत आणलेली चुंबकाची जाळी लावली. टक् करून बसते. वेळ: सहा मिनिटं. मी टॉर्च धरला होता. खोलीत उजेड भरपूर होता, तरी तिने धरू दिला.

मी म्हटलं, मागच्यालाही एक लावली असती तर. ती हसली. म्हणाली, "बाबा, तू कधीतरी ये तिकडे. राहा चार दिवस." चार म्हणाली.

शनिवार, ७ जून

इशिताचा फोन. खोलीची खिडकी रस्त्याकडे आहे आणि ती दिवसभर उघडी ठेवते. तापमान ६१. वेळेवर सर्व्हिसिंग झाल्याचा हा फायदा, असं मी सांगितलं. ती हो म्हणाली. मग आईला दे म्हणाली. त्या दोघी पाऊण तास बोलल्या.

शेजारचं तोडकाम संपलंय. नुसता मोकळा प्लॉट.

सोमवार, ९ जून

स. १०.००. वासंती शाळेत गेली. आजचं काम: इशिताच्या टेबलाची साफसफाई. अंदाजे वेळ: एक तास.

स. १०.०५. झालं.

स. ११.३०. परत पुसलं.

दु. १२.१५. परत पुसलं. धूळ नव्हती.